आईसाठी कुत्रं आणताना
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त झालेल्या ज्येष्ठ नागरिक मेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला जो विषय दिला होता तो होता 'ज्येष्ठांचे आर्थिक नियोजन'. सदतीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला दुसरा कोणता विषय देणार? मी टिपणही काढलं होतं. पण गेल्या महिनाभरात आपल्याच सोसायटीतल्या दोन घरांनी मला वेगवेगळं गाठून एकच प्रश्न विचारला. एका घरात वडील विसरायला लागले आहेत, दुसऱ्या घरात सासूबाई. दोघांचाही प्रश्न असा, की त्यांच्या सोबतीला एखादं कुत्रं-मांजर आणलं तर चालेल का, आणि आणायचं तर कोणतं? माझ्या घरी हा प्रयोग झालेला आहे हे जुन्या सभासदांना माहीत आहे. म्हणून मी विषय बदलून घेतला. मुदत ठेवीबद्दल ज्यांना विचारायचं असेल त्यांनी चहाच्या वेळी विचारावं.

आधी थोडं आईबद्दल. आईचं माहेर अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं. घराच्या मागे कोहळ्यांनी बांधलेला जुना मालगुजारी तलाव, पुढे धानाची बांधी, गोठ्यात सात-आठ ढोरं. शाळा तिची चौथीपर्यंत. पण कोणती गाय कोणत्या साली व्याली, कोणता गोऱ्हा कोणाला विकला, हे सगळं तोंडपाठ. अशी बाई २०११ च्या सुमारास भाजीत दोनदा मीठ टाकू लागली. मग गॅस सुरू ठेवून विसरू लागली. मग एक दिवस मला म्हणाली, "कोन होय गा तू?"

मी हसण्यावारी नेलं. ही माझी पहिली चूक. "म्हातारपण आहे, व्हायचंच," असं आपण सगळेच म्हणतो. पुढे २०१२ च्या पावसाळ्यात, मी निवृत्त झाल्यावर, तिला नागपूरला मेंदुरोगतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी आधी रक्त तपासलं. बी-१२ कमी असेल, थायरॉइडचा त्रास असेल, मन उदास असेल तरीही माणूस विसरतो आणि त्यातलं बरंचसं औषधाने सुधारतं. ते सगळं तपासून झाल्यावर त्यांनी स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया, हे नाव सांगितलं. म्हणून ज्या दोन घरांनी मला विचारलं त्यांना माझं पहिलं सांगणं हेच, की कुत्र्याच्या आधी डॉक्टर. २०२३ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याप्रमाणे आपल्या देशात साठीपुढच्या दर शंभरात सात-साडेसात माणसांना हा आजार आहे, म्हणजे जवळपास ८८ लाख माणसं. या हॉलमध्ये आज साठीपुढचे किती बसले आहेत ते मोजून हिशेब ज्याचा त्याने करावा.

आता प्राण्याचं. आमचा धाकटा पुण्याला नोकरीला. त्याने कुठेतरी वाचलं, की अशा माणसांना कुत्र्याची सोबत चांगली. आजीवर त्याचा फार जीव. जानेवारी २०१३ मध्ये तो नागपूरहून दोन महिन्यांचं लॅब्रॅडॉरचं पिल्लू घेऊन आला. पांढरट पिवळं, गुबगुबीत. आईने मांडीवर घेतलं आणि आम्ही फोटो काढले. दोन दिवस घरात दिवाळी. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, "हे कोनाचं होय? नेऊन द्या ज्याचं त्याले." त्यानंतर रोज सकाळी तोच प्रश्न. पिल्लू रात्री रडायचं, लुगड्याचा काठ ओढायचं, घरभर मुतायचं. मुलगा तर पुण्याला परत गेलेला. आणि एका पहाटे आई बाथरूमला जायला उठली, पिल्लू पायात आलं, ती पडली. मनगटाचं हाड मोडलं.

मनगट सहा आठवड्यांत जुळलं. पण ते सहा आठवडे मी विसरू शकत नाही. तिला प्लास्टर का घातलंय हे आठवत नसे. दिवसातून वीसदा विचारायची, "हे काय बांधलं माह्या हाताले?" आणि सांगितलं की प्रत्येक वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी घाबरायची. शेवटी आम्ही खरं सांगणं बंद केलं. "हाताले आराम पाहिजे म्हणून" एवढंच सांगू लागलो. पिल्लू देवरीकडे एका नातेवाइकाच्या शेतावर दिलं. तिथे ते मजेत वाढलं. दोष त्याचा नव्हताच.

आमचं काय चुकलं, याचा विचार मी खूप केला. पिल्लाला शिकवावं लागतं. शिकवायला रोज तेच-तेच करावं लागतं, आणि कालचं आज आठवावं लागतं. ज्या बाईला सकाळचं संध्याकाळी आठवत नाही तिच्या हातात आम्ही शिकाऊ जनावर दिलं. बँकेत नवीन कारकून कोणी आंधळेपणाने तिजोरीवर बसवत नाही. आणि दुसरं म्हणजे प्राणी आम्ही आमच्या आवडीने आणला. आईने उभ्या जन्मात लॅब्रॅडॉर पाहिलेला नव्हता. या आजारात नवीन आठवणी टिकत नाहीत, जुन्या बऱ्याच काळ राहतात. तेव्हा प्राणी शोधायचा तर तो दुकानात शोधून उपयोग नाही, माणसाच्या लहानपणात शोधायला पाहिजे.

हे उमगल्यावर मी एक काम केलं. तेही मी सगळ्यांना सुचवतो. वही घेऊन आईजवळ बसलो आणि तिच्या माहेरच्या जनावरांबद्दल विचारत गेलो. तीन-चार दुपारी गेल्या. तिला मी कोण हे नीट आठवत नव्हतं, पण चांदी नावाच्या गाईच्या कपाळावरचा ठिपका आठवत होता. मांजराचं नाव काढलं तर म्हणाली, "चोट्टी जात, दूध पिऊन जाते." म्हणजे मांजर बाद. आयुष्यभर ज्याला काठी दाखवली ते म्हातारपणी मांडीवर येऊन गोड होत नाही. कोंबड्या तिला आवडायच्या, पण पहिल्या मजल्यावर कोंबड्या? गाय तर सोडाच. राघू मात्र होता, पिंजऱ्यातला, तिच्या आजोबांचा. तो बोलायचा म्हणे.

राघूचं मी मनावर घेतलं होतं. बरं झालं आमच्या ओळखीच्या एका वनखात्यातल्या माणसाला आधी विचारलं. त्याने हातच जोडले. आपला हिरवा पोपट पिंजऱ्यात ठेवणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे. आपल्यातल्या कित्येकांच्या आजोळी मिठ्ठूचा पिंजरा टांगलेला असायचा, म्हणून आपल्याला त्यात काही वाटत नाही. पण कायद्याने तो पाळायचा नाही, विकत तर घ्यायचाच नाही. चांदण्या कासवाचंही तेच. ज्यांना पक्षीच हवा त्यांनी परदेशी जातीचे बजरीगर वगैरे पाळावेत. मात्र पिंजरा रोज साफ करणारा माणूस घरात आधी ठरवावा.

राहिलं कुत्रं. आईच्या माहेरी कुत्रं होतं, पण ते दारात. घरात त्याला प्रवेश नाही. भाकर टाकायची, त्याने राखण करायची, असा व्यवहार. तेव्हा आम्हाला हवं होतं मोठं, समजदार, दारात बसणारं गावठी कुत्रं. आणि ते आपल्या गेटवरच होतं.

जुन्या लोकांना काळी आठवत असेल. चौकीदार तिला पोळी टाकायचा. मी तिला जवळजवळ दीड महिना नुसतं पाहिलं. पोरं क्रिकेट खेळताना ती काय करते, फटाके फुटले की काय करते, सायकलमागे धावते का, खाताना कोणी जवळ गेलं तर गुरगुरते का. आणि आमच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं, काठीला भिते का. आई काठी घेऊन चालायची. रस्त्यावरच्या कुत्र्याने काठीचा मार खाल्लेला असतो. काठी पाहिली की ते एकतर पळतं नाहीतर अंगावर येतं. काळी काठीकडे बघायची आणि बाजूला सरकून बसायची. त्यावरच मी तिला पास केलं.

मग जनावरांच्या दवाखान्यात नेलं. आपल्याकडे त्याला ढोरांचा दवाखाना म्हणतात आणि तिथे कुत्रं घेऊन गेलं की लोक हसतात. हसू द्या. डॉक्टरांनी दात पाहून वय चार-पाच वर्षं सांगितलं. रेबीजची लस, जंताचं औषध, पिसवांचं औषध, पुढे नसबंदीचं ऑपरेशन. रेबीजच्या बाबतीत मी इथे आवाज चढवून बोलणार आहे. हा रोग एकदा झाला की माणूस वाचत नाही असंच धरून चाला, आणि लस वेळेवर घेतली तर तो होत नाही. कुत्र्याला दरवर्षी टोचायचं. माणसाला चावा किंवा ओरखडा बसला तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. हळद, चुना, मिरची लावत बसायचं नाही. आणि लक्षात घ्या, विसरणारा माणूस चावल्याचंही विसरतो. तुम्हाला सांगणारच नाही. म्हणून आंघोळीच्या वेळी हातपाय बघत जा. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या सुरू असतील तर साधा ओरखडाही वाहत राहतो.

फेब्रुवारी २०१४ मध्ये काळी आमच्या दारात बसायला लागली. पंधरा दिवस प्रोबेशन. आणि इथे माझी अडचण सुरू झाली. ती आपल्या सोसायटीच्या इतिहासाचा भाग आहे म्हणून सांगतो.

जिल्हा झाला १ मे १९९९ ला आणि पुढच्याच वर्षी आपली सोसायटी नोंदली गेली. २००५ साली मी सचिव होतो. आवारात एका मुलाला भटकं कुत्रं चावलं. लोक भडकले. विशेष सभा झाली आणि ठराव झाला, की 'सोसायटीच्या आवारात कोणत्याही सभासदास कुत्रा पाळता येणार नाही.' तो ठराव माझ्या हस्ताक्षरात आहे. मसुदाही माझाच. त्या वेळी एका वयस्कर सभासदांनी, आता ते नाहीत, उठून विचारलं होतं, की कधी कोणाला खरी गरज पडली तर? मी त्यांना म्हटलं, "साहेब, अपवाद ठेवला की नियम गेला." टाळ्या पडल्या होत्या.

नऊ वर्षांनी मीच कमिटीसमोर अर्ज घेऊन उभा राहिलो. कोणी मला टोमणा मारला नाही, हेच जास्त लागलं. फक्त एकांनी मिनिट बुक उघडून पान समोर ठेवलं. 'विशेष बाब म्हणून, सहा महिन्यांकरिता' अशी परवानगी मिळाली. आमच्या वरच्या मजल्यावरचं पोरगं कुत्र्याला खूप घाबरायचं. त्याच्या आईचा विरोध होता, आणि तिचा विरोध रास्त होता. आम्ही ठरवून घेतलं, की शाळेच्या जाण्या-येण्याच्या वेळी काळी आत, जिन्यात पट्टा बांधूनच, आणि घाण केली तर मी स्वतः उचलणार. निवृत्त शाखाधिकारी हातात प्लास्टिकची पिशवी घेऊन कुत्रीमागे चाललेला तुम्ही सगळ्यांनी पाहिला आहे. पुढे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची २०१५ ची मार्गदर्शक तत्त्वं आमच्या हाती आली. त्यात स्पष्ट लिहिलं आहे, की सोसायटीला बहुमतानेसुद्धा पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही. पाळणाऱ्याने स्वच्छता राखावी, इतरांना त्रास होऊ देऊ नये, हेही त्यात आहे. त्या वर्षीच्या वार्षिक सभेत जुना ठराव रद्द झाला. रद्द केल्याची नोंदही मीच लिहिली. कमिटीने मला मुद्दाम लिहायला लावली असं माझं आजही मत आहे.

आता काळीचा फायदा काय झाला ते सांगतो, जसं झालं तसं.

या आजारात संध्याकाळ वाईट. उन्हं उतरली की माणूस अस्वस्थ होतो. आई चार-पाच वाजता उठायची आणि "गायी आल्या का गा? मले घरी जाऊ दे," म्हणत दाराशी जायची. काळी येण्यापूर्वी, २०१३ च्या दिवाळीनंतर, ती एकदा अशीच निघून गेली होती. अडीच तासांनी स्टेशनवर सापडली. अर्जुनीकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहत बाकावर बसलेली, पदरात दोन पोळ्या. त्या अडीच तासांत मी काय काय विचार केले ते इथे सांगत नाही.

काळी आल्यावर पाच वाजताचं काम ठरलं. दारात खुर्ची टाकायची, आईच्या हातात डबा द्यायचा, तिने पोळीचे तुकडे काळीला टाकायचे. "गायी आल्या का?" विचारलं की सौ. म्हणायची, "आल्या, ही पाहा." आई काळीला चांदीच म्हणायची. काळीही चांदी म्हटलं की बघायला लागली. अर्धा-पाऊण तास आई शांत असायची, जनावराशी बोलायची. माझ्याशी ती महिन्याभरात जेवढं बोलली नसेल तेवढं त्या कुत्रीशी रोज बोलली. याचं मला वाईट वाटायचं हे मी कबूल करतो. नंतर सवय झाली. ऐकत बसायचो.

तिची स्मृती सुधारली का? नाही. एक टक्काही नाही. कुत्रं हे औषध नव्हे. जो कोणी तसं सांगेल त्याच्यापासून सावध राहा. पाच ते सहा हा तास आमच्या घरात सुसह्य झाला, एवढंच. पण त्यासाठी मी पुन्हा दहा कुत्री पाळीन.

त्रासही सांगतो. पहिल्या दोन महिन्यांत काळी फुगली. कारण आई खाऊ घालून विसरायची आणि पुन्हा खाऊ घालायची. मग सौ.ने डब्याची युक्ती काढली. दिवसभराचे तुकडे सकाळीच मोजून एका डब्यात. डबा रिकामा झाला की रिकामा. आई झाकण उघडून बघायची, "सरलं," म्हणायची, आणि तिला ते पटायचं. सांगून पटायचं नाही, रिकामा डबा पाहून पटायचं. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट हे कुत्र्याला विषासारखं, हे तेव्हाच डॉक्टरांकडून कळलं. म्हणून भाजी-बिर्याणीचं उरलेलं देणं बंद.

आणि सगळ्यात मोठी भीतीची गोष्ट. एक दिवस काळी लटपटायला लागली. ओकारी झाली, उभी राहीना. डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं? काही सुचेना. घरी येऊन पाहिलं तर आईच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी रिकामी. तिने आपल्या गोळ्या पोळीत घालून चांदीला दिल्या होत्या. सलाईनवर दोन दिवसांनी काळी उठली. पण तेव्हा लक्षात आलं, की आठवडाभर आईचा रक्तदाब वर का होता. त्या दिवसापासून गोळ्या कुलपात. गोळी हातात द्यायची नाही, तोंडात घालून पाणी पाजायचं.

२०१५ मध्ये आई पुन्हा एकदा बाहेर पडली. या वेळी काळी सोबत होती. आईच्या गळ्यात मी नाव-पत्त्याची चिठ्ठी अनेकदा बांधली होती. ती काढून टाकायची. बांगडीला लावली, तीही काढली. पण काळीच्या पट्ट्यावर माझा मोबाइल नंबर पितळी बिल्ल्यावर कोरलेला होता, आणि तो काढायचं आईला कधी सुचलं नाही. रेल्वे फाटकाकडच्या एका चहावाल्याने बिल्ला वाचून फोन केला. मी पोचलो तेव्हा दोघी बाकावर बसून बिस्किटं खात होत्या. सोसायटीत पुढे असं पसरलं, की कुत्रीने म्हातारीला वाचवलं. तसं काही नाही. कुत्री नुसती मागे गेली होती. वाचवलं ते बिल्ल्याने आणि चहावाल्याने. बिल्ला साठ रुपयांत होतो.

मी हे सगळं 'मी, मी' करून सांगतो आहे. खरं म्हणजे पहाटे पाचला उठून काळीला खाली नेणं, डबा भरणं, आईचं लुगडं बदलणं हे सौ.ने केलं. मी दुपारचा आणि संध्याकाळचा. प्राणी आईसाठी असला तरी तो पाळायचा आपल्यालाच. पुण्याच्या किंवा अमेरिकेच्या मुलाने आणून द्यायचा आणि इथल्या सुनेने निस्तरायचा, हे आमच्या घरी एकदा झालं. तुमच्या घरी होऊ देऊ नका. ज्याच्या अंगावर काम पडणार त्याने हो म्हटलं तरच आणा. आणि बँकेतला माणूस आहे म्हणून विचारतो, प्राण्याचा नॉमिनी कोण? कुत्रं दहा-पंधरा वर्षं जगतं. आई गेली, मी गेलो, तर ते कोणाकडे जाईल हे आधी ठरवायला हवं. आम्ही चौकीदाराशी बोलून ठेवलं होतं.

आता ज्यांच्या घरी कुत्रं शक्य नाही त्यांच्यासाठी थोडं. डॉ. अतुल गावंडे यांचं 'बीइंग मॉर्टल' हे २०१४ चं पुस्तक मी वाचलं. गावंडे अमेरिकेतले नामांकित शल्यविशारद, पण घराणं आपल्या विदर्भातलं, यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेड तालुक्यातल्या उटी गावचं. त्यांचे आजोबा जवळजवळ एकशे दहा वर्षं जगले, शेवटपर्यंत घरच्या माणसांत. त्या पुस्तकात बिल थॉमस नावाच्या डॉक्टरची हकीकत आहे. १९९१ साली न्यूयॉर्क राज्यातल्या एका वृद्धाश्रमात त्याने दोन कुत्री, चार मांजरं आणि शंभर पक्षी एकदम आणले. पक्षी आले, पिंजरे आलेच नाहीत! शंभर पक्षी तिथल्या केस कापायच्या खोलीत सोडून द्यावे लागले. मला वाटतं कोणत्याही सोसायटीच्या कमिटीला हे वाचून धीर येईल. पण पुढे तिथे माणसांना लागणारी औषधं, विशेषतः शांत ठेवायची औषधं, खूप कमी झाली. न बोलणारे बोलायला लागले.

अमेरिकेतच पर्ड्यू विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २००२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. अल्झायमरच्या रुग्णांच्या जेवणाच्या खोलीत माशांची टाकी ठेवली तर ते जास्त जेवायला लागले, वजनही वाढलं. एका जागी न बसणारा माणूस मासे बघत बसतो आणि घास पोटात जातो, इतकं साधं. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला जातो, लाइट जाते, टाकीचं पाणी तापतं. म्हणून टाकी सावलीत ठेवा आणि फार मासे भरू नका. आणि माशांचं खाद्य कपाटात ठेवा. विसरणारा माणूस दिवसातून दहादा खाद्य टाकेल आणि चौथ्या दिवशी सगळे मासे उलटे. त्या माणसाला ते बघायला लागू नये.

गॅलरीत पाण्याचं पसरट भांडं आणि मूठभर कण्या ठेवल्या तरी चिमण्या, साळुंक्या येतात. ते पाळणं नव्हे, पण बघणं आहे. कबुतरांना मात्र बोलावू नका, त्यांच्या विष्ठेने छातीचे आजार होतात. सौ. इथे मला खुणावते आहे, की वेळ झाली. थोडंच राहिलं.

शेवटचा भाग सांगणं मला जड जातं, पण तो कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. २०१७ च्या पावसाळ्याच्या तोंडाला एका रात्री आई ओरडली, "अस्वल! अस्वल आलं!" लहानपणी तिच्या गावाकडे मोहफुलांच्या दिवसांत अस्वलं यायची. दारातली काळी तिला अस्वल दिसली. तिने काठी उचलून मारली. लागली. आणि तीन वर्षांत पहिल्यांदा काळी गुरगुरली. मी मध्ये पडलो. पुढे काही झालं नाही. पण दोन रात्रींनी तेच. आजार पुढे गेला की डोळ्यांना दिसणारं आणि मनाला वाटणारं यांची सांगड सुटते. काल ज्याला चांदी म्हटलं ते आज अस्वल.

मी आठ दिवस घोळ घातला. काळीला हलवलं तर पाच वाजताचं काय? आणि नाही हलवलं तर एखाद्या रात्री काय? आमच्या डॉक्टरांनी एका वाक्यात सोडवलं, म्हणाले, "काका, दोघींनाही वाचवा." काळी खाली चौकीदाराच्या खोलीत गेली. आईने तिच्याबद्दल एकदाही विचारलं नाही. मीच रोज पाचला खाली जायचो.

आईच्या हाताला मात्र काहीतरी लागायचं. पदराशी चाळा करायची, चादर ओढायची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, शेजारचं पोरगं आपला लाकडी नंदी सजवून बोजारा मागायला आलं. आईने तो नंदी हातात घेतला आणि सोडेना. पाठीवरून हात फिरवायला लागली, अगदी खऱ्या बैलाच्या पाठीवरून फिरवतात तसा. पोरगं रडकुंडीला आलं. मी त्याच दिवशी बाजारातून तसाच नंदी आणला. जपानमध्ये ताकानोरी शिबाता नावाच्या शास्त्रज्ञाने अशा रुग्णांसाठी सील माशाच्या पिल्लासारखं, हात फिरवला की हुंकार देणारं यंत्र बनवलं आहे, पारो नावाचं. त्याची किंमत लाखांत. आमचा नंदी दीडशे रुपयांचा, हुंकार देत नव्हता, पण आईला त्याची उणीव भासली नाही. बाईला लाकडाचं खेळणं देतो म्हणून मला एका नातेवाइकाने सुनावलंही, की आईला लहान पोर करून टाकलंस. मी काही बोललो नाही. तो नंदी शेवटपर्यंत तिच्या उशाशी होता. जानेवारी २०१८ मध्ये ती गेली, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी.

तेरावं झाल्यावर मी काळीला वर आणलं. तिने शोक केला वगैरे मी म्हणणार नाही. मला जनावराच्या मनातलं कळत नाही. पाच वाजले की ती डब्याकडे बघायची हे खरं. २०२१ पर्यंत ती आमच्याकडे होती. लॉकडाऊनमध्ये खाली फिरायला मिळायचं ते तिच्याच निमित्ताने.

ज्या दोन घरांनी मला विचारलं त्यांच्याकडे मी येत्या आठवड्यात येतो. आधी वडिलांजवळ, सासूबाईंजवळ बसू आणि त्यांच्या घरी काय काय होतं ते विचारू. वही मी आणतो. पट्टा, बिल्ला आणि डबा माझ्याकडे तसाच ठेवलेला आहे. बिल्ल्यावरचा नंबर तेवढा बदलून घ्यावा लागेल.